एकमेकांच्या लेक्चरला बसणं: सांगलीतल्या एका सीनियर कॉलेजचं प्रकरण

हे प्रकरण सांगली शहरातल्या एका अनुदानित सीनियर कॉलेजातलं आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम दिलं नाही, माणसांची पण नाहीत, विषयावरनंच ओळखायचं. मी त्या गटात होतो त्यामुळं अगदी तटस्थ लिहितोय असं म्हणणार नाही, पण जे झालं ते शक्यतो तसंच मांडलंय. प्राध्यापकांच्या ट्रेनिंगवर आपल्याकडं बोलणं खूप होतं, पण एका कॉलेजात नक्की काय केलं, कुठं अडलं, कुणी काय ठरवलं हे कुणी लिहीत नाही म्हणून हा खटाटोप.

कॉलेज आणि पोरं

2024-25 चं पहिलं सत्र. नवीन शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांना त्याच वर्षी लागू झालेलं, सगळ्यांची डोकी क्रेडिट आणि विषयांच्या बास्केटमध्ये अडकलेली. कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, आर्ट्स-सायन्स-कॉमर्स तिन्ही. स्टाफ म्हणाल तर अर्धा परमनंट, अर्धा सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावरचा. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं सगळं तिथंच येऊन अडणार आहे.

पोरं कुठली? शहरातली आणि मिरजेची आहेतच, पण मोठा भाग तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी, जत इकडचा. तासगाव-कवठेमहांकाळची रोज एसटीनं येणारी, जतची हॉस्टेलवर नाहीतर चौघांत एक खोली घेऊन राहणारी. जत पूर्व भागातल्या बऱ्याच पोरांच्या घरात कन्नडच चालतं, काहींची शाळा पण कन्नड माध्यमाची. त्यांना मराठी बोलता येतं, पण वर्गात पन्नास-साठ पोरांसमोर उभं राहून मराठीत उत्तर द्यायचं आणि पुस्तक इंग्रजीत, म्हणजे एका वाक्यासाठी तीन भाषांचा प्रवास.

आमच्या भागाला सगळ्या थरातली पोरं एकत्र आणणं काय नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत जेवायची. आता ॲडमिशनच्या यादीत सगळे येतात, स्कॉलरशिपचे फॉर्म भरले जातात, तिथवर यंत्रणा चालते. वर्गात आल्यावर कोण शिकतं आणि कोण नुसतं बसतं हे बघायला मात्र कुणाचीच नेमणूक नाही.

अडचण कशी पुढं आली

दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या.

पहिली केमिस्ट्रीच्या सरांची. पंधराएक वर्षं शिकवणारा माणूस, बोर्डवर्क सुंदर, तास कधी बुडवला नाही. बीएससी पहिल्या वर्षाची पहिली अंतर्गत चाचणी झाली आणि वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांना मोलचं साधं गणित सुटलं नाही. मोल म्हणजे पदार्थातले कण मोजायचं एकक, अकरावीत झालेला विषय. सर स्टाफरूममध्ये पेपरचा गठ्ठा टाकून म्हणाले, "मी प्रत्येक पायरीला विचारतो, समजलं का? सगळी म्हणतात हो सर. मग हे काय आहे?" यावर ठरलेल्या प्रतिक्रिया आल्या, आजकालची पोरं, मोबाईल, अकरावी-बारावीला कॉलेजला येतच नाहीत, वगैरे. त्यात तथ्य नाही असं नाही, पण त्यातनं करायला काही मिळत नाही.

दुसरी गोष्ट इकॉनॉमिक्सच्या मॅडमची. बीएच्या पहिल्या वर्षाला एक मुलगा, एका डोळ्यानं अगदी अंधुक दिसतं, दुसऱ्यानं नाहीच. फोनवर टॉकबॅक लावून सगळं ऐकतो. मॅडमनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोट्सची पीडीएफ टाकली. चार दिवसांनी तो येऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या नोट्स फोनला वाचता येईनात, नुसतं एबीसीडी बडबडतोय." मॅडमना वाटलं फोन बिघडलाय. त्यानं तिथंच लावून दाखवलं, मागणीचा नियम वाचायच्या जागी फोन इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्का असं काहीतरी सुसाट म्हणत होता. कारण नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. त्या फॉन्टमध्ये आत साठवलेलं अक्षर रोमनच असतं, फक्त त्याचं चित्र देवनागरीचं दाखवलं जातं. डोळ्याला मराठी दिसतं, फोनला मराठी कुठंच सापडत नाही. कॉलेजातल्या मराठी, इतिहास, राज्यशास्त्र सगळ्या विभागांच्या निम्म्या नोट्स अशाच, आणि उरलेल्या म्हणजे पुस्तकाच्या पानांचे फोटो, तेही फोनच्या दृष्टीनं कोरे कागदच.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, उच्च शिक्षणात 5 टक्के जागा राखीव आहेत, परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ आहे, आणि मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो तासाला किमान 20 मिनिटं मिळतो. हे आमच्या ऑफिसला पाठ होतं. जादा वेळ परीक्षेच्या दिवशी मिळतो, पण परीक्षेपर्यंत पोचायला लागणाऱ्या नोट्सचं काय, ही जबाबदारी कुणाची हे कुणालाच सांगता येईना.

वरवर बघितलं तर दोन्ही प्रकरणं वेगळी, एकात पोरं बोलत नाहीत आणि एकात फाईल बोलत नाही. स्टाफरूममध्ये चर्चा होता होता लक्षात यायला लागलं की दोन्हीकडं शिकवणाऱ्याला आपलं शिकवणं समोरच्यापर्यंत कसं पोचतंय हे दिसायची सोयच नाही. लेक्चर ही अशी जागा आहे की तिथं दुसरा शिक्षक कधी येतच नाही. आला तर सिलेक्शन कमिटीचा डेमो नाहीतर कुणाची तरी तक्रार.

कुठले पर्याय समोर होते

प्राचार्यांनी विषय आयक्यूएसीकडं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडं दिला. तिथं चार गोष्टी टेबलावर आल्या.

एक, नेहमीची एकदिवसीय कार्यशाळा. बाहेरचा तज्ज्ञ, बॅनर, शाल-श्रीफळ, जेवण, सर्टिफिकेट. फायदा असा की ती लगेच होते आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाईलला लागते. तोटा सगळ्यांना माहितीये.

दोन, लोकांना मालवीय मिशनच्या कोर्सला पाठवणं. प्राध्यापकांना ट्रेनिंग देणाऱ्या जुन्या एचआरडीसी सेंटरांची जागा 2023 पासून या मालवीय मिशन केंद्रांनी घेतली, बरेच कोर्स ऑनलाइन असतात. काही सेशन खरंच चांगली असतात हे मी स्वतः अनुभवलंय. पण प्रमोशनसाठी ओरिएंटेशन-रिफ्रेशर लागतातच, त्यामुळं माणूस कोर्सला जातो ते मुळात त्या कागदासाठी. आणि सीएचबीवाल्याला तास बुडवून कोर्सला बसायचं म्हणजे त्या तासाचे पैसे गेले, वर प्रमोशनचा प्रश्नच नाही. म्हणजे पहिल्या वर्षाचे सगळ्यात जास्त तास घेणारी माणसंच यातनं बाहेर.

तीन, कच्च्या पोरांची वेगळी बॅच काढून उपचारात्मक वर्ग. यावर बऱ्यापैकी वाद झाला. केमिस्ट्रीचे सर याच बाजूचे होते. भूगोलाच्या सरांनी विचारलं, यादी केली तर त्यात नावं कुणाची येतील? तोंडी काढून बघितली तर बहुतेक जतची आणि हॉस्टेलवरची. त्या बॅचला दोन दिवसांत पोरं काय नाव ठेवतील ते सांगायची गरज नव्हती. शिवाय तास कधी, तर संध्याकाळी साडेचारनंतर, म्हणजे एसटीवाले गेले.

चार, आपणच पाच-सहा जणांनी एकमेकांच्या तासाला बसायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत बघायचं. हे इकॉनॉमिक्सच्या मॅडमनी सुचवलं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघडल्यासारखं.

आयक्यूएसीनं शेवटी पहिला आणि चौथा असे दोन्ही ठरवले, म्हणजे कार्यशाळा फाईलसाठी आणि गट कामासाठी. मला तेव्हा हे हास्यास्पद वाटलेलं. पण कार्यशाळा झाली म्हणून वरचा दबाव गेला आणि गटाला कुणी हात लावला नाही, तेव्हा निर्णय बरोबरच म्हणायचा.

पहिला खरा निर्णय: निरीक्षणाचे कागद कुणाला दाखवायचे

गटात सहा जण, तीन परमनंट, तीन सीएचबी. पहिल्याच बैठकीत फिजिक्सच्या सीएचबी सरांनी विचारलं, "माझ्या तासाचं तुम्ही जे लिहिणार ते कुठं जाणार? पुढच्या जूनला परत मुलाखत असते माझी." खोलीत शांतता. परमनंट लोकांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं, कारण त्यांचं काहीच जाणार नव्हतं.

इकडं आयक्यूएसीला रिपोर्ट पाहिजे, प्रत्येक भेटीचा जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो पाहिजे. फोटोशिवाय कॉलेजात सध्या काही घडतच नाही अशी एकंदर समजूत आहे. बरीच ओढाताण झाली. ठरलं असं: फाईलला फक्त गटाची नावं, बैठकांच्या तारखा आणि एक ग्रुप फोटो. तासाला बसून जे लिहिलं तो कागद ज्याचा तास त्याच्याच हातात द्यायचा, झेरॉक्स नाही, व्हॉट्सॲप नाही. प्राचार्यांनी याला तोंडी हो म्हटलं. लेखी मागितलं नाही, तो भाग पुढं येईल.

आणखी एक नियम पाळला. बसणाऱ्यानं सगळ्या तासावर शेरे मारायचे नाहीत, ज्याचा तास आहे त्यानं जेवढं बघायला सांगितलंय तेवढंच बघायचं. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, "मला एवढंच सांगा, मागची पोरं लिहून घेतात का झोपतात."

तासाला बसल्यावर

भूगोलाच्या सरांना नकाशाची सवय. त्यांनी कागदावर वर्गातल्या बाकांचा नकाशा काढला आणि जिथनं आवाज आला तिथं टिंब दिलं. तास संपल्यावर कागद केमिस्ट्रीच्या सरांच्या हातात दिला, बोलले काही नाहीत. पुढच्या दोन बाकांवर टिंबांची गर्दी, खिडकीकडंच्या ओळीत दोन-तीन, बाकी सगळा कागद पांढरा. मागची पोरं झोपत नव्हती, सगळी मान खाली घालून लिहीत होती. सर बराच वेळ तो कागद बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे मी आठ पोरांना शिकवतोय."

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली नव्हती पण नकाशाच्या कडेला लिहिलेली होती. "समजलं का?" विचारल्यावर पुढचं वाक्य सुरू व्हायला एक सेकंद पण जात नव्हता. हे फक्त आमच्या सरांचं नाही. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात वर्गातली टेप ऐकून हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी पोरं पण बोलायला लागतात. घरी कन्नड, वर्गात मराठी, पुस्तकात इंग्रजी असलेल्या पोराला तर तीन सेकंद पण कमीच.

मग एकच बदल ठरला. "समजलं का" बंद. त्याऐवजी तासात दोनदा असा प्रश्न ज्याचं उत्तर सगळ्यांनी एकदम द्यायचं, तोंडानं नाही, छातीजवळ बोटं धरून, म्हणजे शेजारच्याला दिसत नाही. एक, दोन किंवा तीन बोटं. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायचं, भाषा कुठली पण चालेल, आणि परत बोटं.

मी ज्या तासाला होतो त्यातला प्रश्न असा: 18 ग्रॅम पाणी आणि 18 ग्रॅम ग्लुकोज, रेणू कशात जास्त? पाण्यात असेल तर एक बोट, ग्लुकोजमध्ये दोन, सारखेच असतील तर तीन. बहुतेक सगळ्या वर्गानं तीन बोटं केली. पुढच्या बाकावरच्या हुशार पोरांनी पण. सर बघतच राहिले, कारण हीच पोरं ॲव्होगॅड्रोचा आकडा झोपेत म्हणून दाखवतात. मग बोला म्हटल्यावर आधी कुणी बोलेना, नंतर एकदम बाजार भरला. माझ्या समोरच्या बाकावर जतकडची एक मुलगी शेजारणीला कन्नडमध्ये काहीतरी समजावत होती, वहीच्या मागच्या पानावर एक मोठा गोल आणि दहा बारके गोल काढून. दुसऱ्यांदा बोटं वर केली तेव्हा बऱ्याच जणांचं एक बोट. सरांनी त्या मुलीला विचारलं आणि या वेळी खरंच थांबले. ती उभी राहिली, म्हणाली, "सर, ग्लुकोजचा एकेक रेणू लई जड हाय. मग तेवढ्याच वजनात कमीच बसणार की." किती कमी? "धाव्वा हिस्सा."

180 आणि 18, एवढंच. पण सरांनी तास संपल्यावर मला विचारलं ते वेगळंच होतं, "हिचं नाव काय हो?"

इकॉनॉमिक्सकडं काम जास्त कटकटीचं पण सरळ होतं. नवीन नोट्स युनिकोडमध्ये, शीर्षकं नीट दिलेली, पीडीएफबरोबर साधी वर्डची फाईल पण. जुन्या फॉन्टचं रूपांतर करून देणारी साधनं नेटवर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, मग माणसानंच वाचून दुरुस्त करायचं. हे काम कमवा-शिका योजनेतल्या दोन मुलींना दिलं, तासाचे पैसे रीतसर मिळाले. लायब्ररीतल्या एका कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, ते फुकट असतं. त्या मुलानंच ते सेट करून घेतलं, आमच्यातल्या कुणाला येत नव्हतं.

आकृत्यांचं काय करायचं हा प्रश्न राहिला. मागणीचा वक्र डावीकडनं उजवीकडं खाली उतरतो हे तोंडानं सांगितलं तर तो पाठ करतो, पण मागणीतला विस्तार-संकोच आणि मागणीतली वाढ-घट यातला फरक, म्हणजे त्याच रेषेवरनं सरकणं का अख्खी रेषाच सरकणं, इथं गाडी अडायची. मॅडमनी पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलनं लोकर चिकटवून अक्ष आणि वक्र केला आणि दुसरा वक्र सुटा ठेवला, टाचणीनं हलवता येईल असा. त्यानं बोट फिरवलं, सुटी लोकर उजवीकडं सरकवली आणि म्हणाला, "हां, म्हणजे किंमत तीच आहे, आणि लोक जास्त घेणार." तो पुठ्ठा मग बाकीच्या पोरांनी पण मागून घेतला, त्यांचं पण तिथंच अडलेलं होतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरचा वांधा

सत्राच्या मध्यावर दोन अडचणी एकदम आल्या.

तासगाव-कवठेमहांकाळकडं द्राक्षाची फळछाटणी सुरू झाली. छाटणी, लगेच पेस्ट लावणं, पुढं फेलफुटी काढणं, माणसं कमी पडतात. ज्यांची बाग आहे त्यांची पोरं घरी, ज्यांची नाही त्यांची मजुरीला. वर्ग एकदम विरळ. उपस्थिती 75 टक्के हा नियम, त्यात कॉलेजला फेरफार करता येत नाही, प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं आणि ते बरोबर होतं. गटानं विचार केला की उपस्थिती हातात नाही, चाचणी हातात आहे. अंतर्गत चाचणीची दुसरी तारीख सगळ्यांनाच खुली ठेवली, कारण सांगायची गरज नाही. कारण सांगायला लावलं असतं तर मजुरीला जाणारं पोर "आजारी होतो" म्हणून खोटा दाखला आणतं, हे दरवर्षीचं आहे. फळ्याचा फोटो रोज ग्रुपवर टाकणं सुरू झालं, पण फोटो म्हणजे त्या इकॉनॉमिक्सच्या मुलाला परत कोरा कागद, म्हणून त्याच्या वर्गात फोटोबरोबर दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज. कामावरची पोरं पण तोच ऐकायची, बागेत हात अडकलेले असताना फोटो कोण बघणार.

दुसरी अडचण जास्त दुखरी. केमिस्ट्रीच्या वर्गातल्या पुढच्या बाकावरच्या पोरांनी प्राचार्यांकडं तक्रार नेली, सर आजकाल शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात, पोर्शन मागे पडलाय. सरांना हे फार लागलं. पंधरा वर्षांत पहिली तक्रार. ते म्हणाले, मी उद्यापासून परत पहिल्यासारखा शिकवतो, मला काय हौस नाही.

इथं गटाचा उपयोग झाला. मी तेव्हा त्यांना हार्वर्डमधला 2019 चा एक अभ्यास दाखवला, फिजिक्सच्या सुरुवातीच्या कोर्समधल्या पोरांवरचा. चांगलं लेक्चर ऐकलेल्या पोरांना वाटलं आपण जास्त शिकलो, आणि गटात डोकं खपवलेल्यांना वाटलं कमी शिकलो. चाचणीत मात्र उलटं निघालं. डोकं चालवायला लागलं की अडखळल्यासारखं वाटतं आणि पोरं त्याचा अर्थ लावतात की सर नीट शिकवत नाहीत. याच्या आधी 2014 मध्ये 225 अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास व्हायचं प्रमाण सुमारे 34 टक्के आणि असा सहभाग घेणाऱ्या वर्गात 22. सर आकडे बघून म्हणाले, "हे हार्वर्डचं. आमच्या पोरांना कोण सांगणार?" मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच सांगायचं की सर."

तीन वाटा होत्या. परत जुन्या पद्धतीवर जाणं, आहे तसं रेटणं, किंवा थोडं मागं येऊन पोरांशी बोलणं. तिसरी घेतली. सरांनी एक अख्खा तास यावर घालवला, बोटांचे प्रश्न कशासाठी आहेत ते सांगितलं, पहिल्या चाचणीतलं मोलचं गणित आणि आत्ताचं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. पोर्शनची तक्रार खरी होती हे पण कबूल केलं, आणि दोन टॉपिकच्या तयार नोट्स देऊन वेळ भरून काढला. त्यावेळी मागच्या बाकावरचा एक जण बोलला, "सर, मोलचं गणित येतंय हो आम्हाला, पण आधी तुम्ही इचारलं की डोक्यात काय येईनाच झालं होतं." पुढच्या बाकावरची सगळी पटली असं नाही. एक-दोघं शेवटपर्यंत नाराजच राहिली.

शेवटी काय झालं

केमिस्ट्रीचा निकाल आधीच्या वर्षापेक्षा बरा लागला. पण अभ्यासक्रम नवीन, पेपरचं स्वरूप नवीन, त्यामुळं हे बोटांच्या प्रश्नांमुळंच झालं असं मी तरी छातीठोक सांगणार नाही. खात्रीनं सांगता येतं ते बाकांच्या नकाशावरचं. सत्राच्या शेवटी भूगोलाच्या सरांनी परत बसून टिंबं दिली, मागच्या तीन ओळींत पण होती, आणि खिडकीकडची ओळ तर भरलेली.

इकॉनॉमिक्सचा मुलगा पास झाला, लेखनिक घेऊन. लेखनिकाला आकृती कशी काढायची हे तो तोंडी सांगू शकला, पुठ्ठ्याचा एवढा फायदा मात्र नक्की दिसला.

केमिस्ट्रीच्या वर्गातली काही पोरं तरी पण मागंच राहिली. त्यांची अडचण केमिस्ट्री नव्हती, घातांक आणि गुणोत्तर होती, आणि त्याला तासात दोन प्रश्न विचारून काही होत नाही. म्हणजे उपचारात्मक वर्गाची मागणी सगळीच चुकीची नव्हती, आम्ही यादीला घाबरून ती पूर्ण सोडून दिली. दुसऱ्या सत्रात गणित विभागानं आठवड्याला एक उघडा तास ठेवला, दुपारी एक वाजता, कुणीही या, नाव नोंदवायचं नाही. पुढच्या बाकावरची पण यायला लागली.

गट मात्र आटला. जूनमध्ये फिजिक्सचे सीएचबी सर दुसऱ्या कॉलेजात गेले, तिथं तास जास्त मिळत होते. गटातल्या एका सीएचबी मॅडमनी सरळ सांगितलं, दुसऱ्याच्या तासाला बसायचे मला पैसे नाहीत, तेवढ्यात मी क्लासवर एक बॅच घेते. याला काय उत्तर आहे?

वेगळं काय करता आलं असतं

पोरांना आधी विचारायला पाहिजे होतं. त्या मुलाला आपल्याला कसल्या नोट्स लागतात हे ॲडमिशनच्या दिवशीच माहीत होतं. फॉर्मवर टक्केवारीचा रकाना आहे, प्रमाणपत्राची झेरॉक्स आहे, पण "तुला वर्गात काय लागेल" हा प्रश्न नाही. आता पहिल्या आठवड्यात सगळ्याच पोरांना एक छोटा कागद देतो, एसटी किती वाजता, घरात भाषा कुठली, नोट्स कशा हव्यात, कुठल्या महिन्यात यायला जमत नाही. सगळ्यांनाच दिल्यामुळं कुणा एकाकडं बोट जात नाही.

बदल सुरू करायच्या दिवशीच वर्गाला कारण सांगायला हवं होतं, तक्रार आल्यावर नाही. तक्रारीनंतर सांगितलं की ते सफाई दिल्यासारखं होतं.

निरीक्षणाच्या कागदांच्या बाबतीत प्राचार्यांचा होकार लेखी घ्यायला पाहिजे होता. ते त्या वर्षअखेरीस रिटायर झाले आणि नवीन आलेल्यांनी पहिल्याच बैठकीत "त्या निरीक्षणांचे कागद दाखवा" म्हटलं. कागद ज्याचे त्याच्याकडं होते म्हणून वाचलं. पण त्या दिवसापासून गटातल्या दोघांनी कुणाला तासाला बोलावलं नाही.

ऑफिस आणि लॅबची माणसं गटात नव्हती हे पण खटकतं. नोटिसा अजून त्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन, सही-शिक्का मारून, फोटो काढून ग्रुपवर पडतात. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख त्या मुलाला अजून मित्रच वाचून दाखवतो.

आणि पैशाचं. सीएचबी शिक्षकानं सहकाऱ्याच्या तासाला बसणं आणि नंतर बोलणं हे काम आहे, मग त्याचे तास धरले पाहिजेत. महाविद्यालय विकास समितीपुढं तसा प्रस्ताव ठेवलाय, महिन्याला दोन तास. कार्यशाळेच्या बॅनर-जेवणावर जेवढं गेलं तेवढ्यात सहा जणांचं वर्षभराचं बसेल असा हिशोब पण जोडलाय. मागच्या बैठकीत विषय पुढं ढकलला.